वाचकांचे प्रश्न : दाखल्यावर नुसतं 'मुस्लिम' लिहिलंय, मग ओबीसीचं काय?

या महिन्यात पत्रं भरपूर आली, पण त्यातली तीन मुस्लिम मुलांचं शिक्षण या एकाच विषयाभोवती फिरत होती म्हणून या वेळी तीच घेतेय, बाकीच्यांनी राग मानू नका, तुमची पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न : ताई, मी नाशिकच्या वडाळा गावात राहते. बारावी सायन्स झालं, सीईटी दिलीय, बी.फार्मसी करायचंय. आम्ही तांबोळी, अब्बांची पानाची टपरी आहे द्वारकाजवळ. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त 'मुस्लिम' आहे. फॉर्म भरून देणारे दादा म्हणाले मुसलमानांना कुठे जात असते, ओपनमधून भर. मामू म्हणतात मुस्लिम आरक्षण कधीच गेलं, उगाच पळापळ करू नका. फीचा आकडा ऐकल्यापासून अब्बा गप्प गप्प आहेत. काय करू?

उत्तर : बेटा, आधी मामूंचं बोलणं बाजूला ठेव, कारण त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. २०१४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढून मुस्लिमांना ५ टक्के आरक्षण दिलं होतं, नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाने त्यातलं नोकऱ्यांचं थांबवलं, शिक्षणातलं राहू दिलं, पण त्या वटहुकमाचा पुढे कायदा झालाच नाही आणि तो आपोआप संपला. मामू म्हणतात ते हे. तुझ्या हक्काचा त्याच्याशी काहीच संबंध नाही. तांबोळी ही जात राज्याच्या ओबीसी यादीत आहे, तसेच बागवान, पिंजारी, मोमीन, मण्यार, अत्तार आणि अजून बऱ्याच. इस्लाममध्ये जातपात नाही हे अगदी खरं, पण सरकार इथे कोणाचं ईमान तपासत नाही, पिढ्यानपिढ्या तुम्ही कुठला धंदा करत आलात आणि त्यापायी किती मागे राहिलात ते बघतं. यातल्या कितीतरी जातींना ही दारं नव्वदच्या दशकात मुस्लिम ओबीसी चळवळीने भांडून उघडून घेतली. आपल्या देवळालीत ज्यांचं लहानपण गेलं, ते फळांच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव दिलीपकुमार या चळवळीच्या सभांना स्वतः जायचे, मला याचं फार अप्रूप आहे, कारण एवढा मोठा माणूस आणि बागवान-पिंजाऱ्यांच्या दाखल्यांसाठी स्टेजवर उभा राहायचा.

आता कामाचं. ओबीसीसाठी तारीख आहे १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे त्या तारखेच्या आधी तुमचं खानदान महाराष्ट्रात होतं आणि तांबोळी होतं, हे दाखवावं लागतं. तुझ्या स्वतःच्या दाखल्यावर काय लिहिलंय तेवढ्यावर गाडी अडत नाही. अब्बा, तुझे दादा म्हणजे आजोबा, चाचा, दादांचे सख्खे चुलत भाऊ, वडिलांच्या बाजूचं कोणीही चालतं, आईच्या बाजूचं मात्र नाही. त्यांच्यातलं कोण शाळेत गेलं होतं ते आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार, मग त्या शाळेत जाऊन प्रवेश निर्गम उतारा माग. कोणीच शाळेत गेलं नसेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४ बघायचा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात त्यात आणि नावापुढे जात लिहिलेली सापडते. जुनी पानं मोडी लिपीत असली तर मोडी वाचणारा माणूस लागेल, उर्दू शाळेचं रजिस्टर असेल तर भाषांतर करून घ्यावं लागेल, त्याला घाबरू नकोस.

एक सांगते. निफाड तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे आला होता, त्याच्या दाखल्यावर मुस्लिम, वडिलांच्या दाखल्यावरही मुस्लिम, आडनाव शेख, त्याने आशाच सोडली होती. आम्ही दोघं त्याच्या चुलत आजोबांच्या खेड्यातल्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी लोखंडी पेटीतून कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर काढलं, कोपरे वाळवीने खाल्लेले, पानं बिस्किटासारखी. एकेक पान ते दोन्ही हातांनी उलटत होते. जांभळ्या शाईत नाव होतं आणि पुढच्या रकान्यात 'मुसलमान पिंजारी'. पोराने बोट ठेवायला हात पुढे केला तर सर म्हणाले हात नको लावू, तुकडा पडेल. त्याच्या डोळ्यात पाणी आलं, माझ्याही.

पण गंमत तिथे संपत नाही, खरा त्रास पुढेच असतो. रजिस्टरात आडनाव पिंजारी आणि हे सगळे आता शेख, आजोबांचं नाव एकीकडे रसूल एकीकडे रसुल. एवढ्यावरून फाईल दोनदा परत आली. म्हणून अर्जासोबत वंशावळ नीट काढून जोड, आडनाव का बदललं आणि ही दोन्ही नावं एकाच माणसाची कशी, ते प्रतिज्ञापत्रात साध्या शब्दांत लिही. अर्ज नाशकातूनच करायचा असं नाही, दादा १९६७ ला जिथे राहत होते त्या भागाच्या प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा असतो, लोक इथेच चुकतात आणि दोन महिने घालवतात. जातीचा दाखला हातात आला की नॉन क्रीमी लेयर, म्हणजे घर सुखवस्तू नसल्याचा दाखला, त्याला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, आणि लगेच जात पडताळणीचा अर्ज. पडताळणीची पावती प्रवेशाला किती दिवस चालते ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतं, ते पान वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. घरात कोणाची, अगदी चाचांची जरी व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी, झाली असेल तर तुझं काम निम्म्याने हलकं होईल.

आणि हे अब्बांना आज रात्रीच वाचून दाखव, २०२४-२५ पासून राज्यात ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार पूर्ण भरतं, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला पाहिजे. ज्यांची जात कुठल्याच यादीत नाही, सय्यद किंवा पठाण म्हणा, त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा, तो मुस्लिमांनाही मिळतो हे आपल्याकडे निम्म्या लोकांना माहीतच नसतं.

प्रश्न : तुम्ही सतत याच समाजाबद्दल लिहिता. सवलती कमी आहेत का त्यांना? मुलं मदरशात पाठवायची आणि मागासलेपणाची तक्रार करायची, मग प्रगती होणार कशी? (कॉलेज रोडवरचे एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर : काका, तुम्ही मनातलं सरळ लिहिलंत ते बरं केलंत, असं मनात ठेवणारे खूप असतात. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने २००६ मध्ये अहवाल दिला, त्यात शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी होती फक्त ३ टक्के. तेव्हा देशात मुस्लिम १३.४ टक्के होते आणि आयएएसमध्ये ३ टक्के, आयपीएसमध्ये ४ टक्के. काही बँकांनी तर मुस्लिम वस्त्या 'निगेटिव्ह झोन' ठरवून ठेवल्या होत्या, म्हणजे पत्ता बघूनच कर्ज नाही. मी जुन्या नाशकात काझीपुऱ्यात वाढले, चांगला कारागीर हातउसने पैसे घेऊन घेऊन कसा बुडतो ते मी आमच्या गल्लीत बघितलंय. सवलतींचं म्हणाल तर पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती होती, ती २०२२ मध्ये बंद झाली, संशोधन करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वर्षी. लहान मुलांना वर्षाला हजार रुपये मिळायचे, काका. त्यात वह्या आणि पावसाळी चपला यायच्या, आणि आमच्या शाळेत त्या हजार रुपयांसाठी आया बँकेत खातं उघडायला पहिल्यांदा घराबाहेर पडल्या होत्या.

प्रश्न : ताई, सलाम. मी मालेगावला लूम (यंत्रमाग) चालवतो, बारा तासांची पाळी. बेटी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. बीवी म्हणते उर्दू शाळा, भाऊ म्हणतो इंग्लिश, शेजारचे म्हणतात मराठी. मला काही सुचत नाही.

उत्तर : भाईजान, बीवीचं ऐका. घरात जी भाषा आहे त्यात मूल लवकर वाचायला लागतं हे मी तीस वर्षं शिकवून सांगतेय. यवतमाळच्या अदिबा अनम, रिक्षाचालकाची मुलगी, २०२४ च्या यूपीएससीत १४२वी आली, तिची सुरुवात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतच झाली. इंग्लिश शाळेबद्दल माझी भीती वेगळी आहे. तुमची मजुरी मालाच्या उठावावर, तिकडे राजस्थानात पाली-बालोत्र्याला कच्चं कापड उठलं नाही की इकडे लूम बंद, आणि मग फी थकली की तिसरी-चौथीत शाळा बदलते. तिथे मूल मनातून तुटतं. अशी मुलं मी खूप बघितलीत.

पण मराठी सोडू नका. २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झालीय, तरी पुस्तक असणं वेगळं आणि येणं वेगळं. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण असतं, एमपीएससीत मराठीचा पेपर असतो, आणि आपली पोरं गणितात पुढे असून तिथे अडतात. माझ्या रविवारच्या वर्गात एक मुलगी येते, दहावी उर्दूतून, हिशोबात विजेसारखी. पहिल्या दिवशी तिने वही उजवीकडून उघडली आणि बाळ ला बाल लिहिलं, 'ळ' तिच्या हाताला ओळखीचाच नव्हता. दोन महिने आम्ही नुसते डाळ, केळ, शाळा, मालेगावातला 'ल' आणि नळातला 'ळ' एवढंच करत होतो. आता ती अर्ज लिहून देते, गल्लीतल्या बायका तिच्याकडे येतात.

तेव्हा उर्दू शाळेत घाला आणि मराठी पहिलीपासून घरी आणा. शुक्रवारी लूम बंद असतात ना, त्या दिवशी तिला सोबत घेऊन बाजारात निघा, दुकानांच्या पाट्या, एसटीच्या पाट्या मोठ्याने वाचायला लावा. तुम्हाला स्वतःला येत नसेल तरी चालेल, दोघं मिळून विचारा दुकानदाराला, हे काय लिहिलंय म्हणून.