बॅज हार्मन कार्डनचा, सिस्टीम साधी: डीलरची तडजोड स्वीकारावी का?

प्रश्न: मी लातूरचा, माझं कृषी सेवा केंद्र आहे. गेल्या दसऱ्याला पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून २०१७ ची बीएमडब्ल्यू ३ सिरीज साडेसतरा लाखांना घेतली. जाहिरातीत आणि व्हॉट्सॲपवर ‘कंपनी फिटेड हार्मन कार्डन’, म्हणजे त्या ब्रँडची भारी म्युझिक सिस्टीम कारखान्यातूनच बसवलेली, असं स्पष्ट लिहिलं होतं. त्याच्याकडेच त्याच वर्षाची, ती सिस्टीम नसलेली दुसरी गाडी साठ हजारांनी स्वस्त होती. मला गाण्यांचा नाद, म्हणून मी ही घेतली. या उन्हाळ्यात दाराच्या स्पीकरजाळीवरचा बॅज सुटून हातात आला, मागे डबल टेप. सर्व्हिस सेंटरने चासी नंबरवरून कारखान्यात काय काय बसवलं होतं त्याची यादी काढली, तर गाडीत साधी हायफाय सिस्टीम निघाली. डीलर म्हणतो, ‘पहिल्या मालकाने बॅज लावला असेल, आम्हाला काय माहीत. तरी आमच्या फिटरकडून भारी आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरून घेतलेले ॲम्प्लिफायर, स्पीकर, सबवूफर फुकट बसवून देतो. फक्त एका कागदावर सही करा.’ ते घ्यावं, की कंपनीचीच सिस्टीम मागावी? की सरळ पोलिसांत जावं?

उत्तर: सही करू नका, आणि त्याच्या फिटरला गाडीला हात लावू देऊ नका.

आधी डीलरच्या बचावाचं बघू. बॅज आम्ही लावला नाही, आम्हाला ठाऊक नव्हतं, असं तो म्हणतो. समजा, हे शंभर टक्के खरं आहे. तरी तो सुटत नाही. माल विक्री कायदा, १९३० चं कलम १५ सांगतं की वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. ही अट करारात लिहिलेली नसली तरी कायदा ती गृहीत धरतो. विकणाऱ्याच्या मनात लबाडी होती की नव्हती, हा प्रश्न इथे उद्भवतच नाही. ‘कंपनी फिटेड’ हे दोन शब्द त्याने लिहिले, त्यावर साठ हजार जास्त घेतले, आणि दिलेली वस्तू त्या शब्दांशी जुळली नाही. तुमचं प्रकरण इथेच उभं राहतं. शिवाय चासी नंबर देऊन खात्री करून घेणं धंदेवाईक विक्रेता म्हणून त्याच्या हातात होतं. ते न करता छातीठोकपणे लिहिलं, तर जोखीम त्याची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही माल अमुक दर्जाचा, अमुक प्रकारचा आहे असं खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

तुम्ही गाडी चालवून, गाणी ऐकून घेतली, असंही तो म्हणेल. पण जाळीमागे कोणता स्पीकर आहे आणि डिकीच्या अस्तरामागे कोणता ॲम्प्लिफायर आहे, हे ट्रायल घेताना दिसत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही त्यासाठीच तर गिऱ्हाईक वर्णनावर विसंबतं. पावतीवर ‘जशी आहे तशी’ असा शिक्का असेल, तर तो झिजलेल्या टायरला आणि बंपरवरच्या ओरखड्यांना लागू पडतो. लेखी दिलेलं खोटं वर्णन त्या शिक्क्याने धुऊन निघत नाही.

आता पोलिसांचं. फसवणुकीचं कलम, जे लोकांच्या तोंडी अजून चारशेवीस आहे, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं. त्यात विकतानाच फसवण्याचा हेतू होता हे सिद्ध करावं लागतं. बॅज कोणी चिकटवला हे तुम्हाला माहीत नाही. पोलीस ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून परत पाठवण्याचीच शक्यता जास्त. ग्राहक आयोगाच्या ज्या मार्गावर हेतू सिद्ध करायची गरजच नाही, तो मोकळा असताना अवघड वाटेने जाऊ नका.

मागायचं काय, याबद्दल मात्र भ्रमात राहू नका. गाडी परत घ्या आणि साडेसतरा लाख द्या, ही मागणी टिकणं कठीण आहे. तुम्ही गाडी स्वीकारली आणि महिनोन्‌महिने वापरली. अशा वेळी माल विक्री कायद्याच्याच कलम १३ नुसार खरेदीदाराला व्यवहार मोडता येत नाही, कलम ५९ खाली किंमतीतली घट किंवा नुकसानभरपाई मागता येते. घट मोजायची तुमच्याकडची फूटपट्टी मात्र उत्तम आहे: त्याच डीलरची, त्याच वर्षाची, ती सिस्टीम नसलेली गाडी. तिची जाहिरात अजून दिसत असेल तर आजच जपून ठेवा. दोन्ही गाड्यांचं रनिंग आणि व्हेरिएंट सारखं होतं का, हे तो उकरून काढेल, म्हणून एखाद्या परवानाधारक मूल्यांकनकाराचा अहवालही सोबत असू द्या.

आता फिटरचं. त्याने डिकी उघडून जुना ॲम्प्लिफायर काढला, कपलर (वायरींचे प्लग) तोडून वायरिंगला जोड दिले, की सर्व्हिस सेंटरच्या यादीशी ताडून बघायला गाडीत काहीच उरत नाही. उद्या डीलर सांगेल की हार्मन कार्डन होतं, ग्राहकाने स्वतःच बदललं. म्हणून आधी अस्तर काढून ॲम्प्लिफायरवरच्या पार्ट नंबरच्या लेबलचा स्पष्ट फोटो काढा. निघालेला बॅज टेपसकट पाकिटात ठेवा. यादीवर सर्व्हिस सेंटरचा सही-शिक्का घ्या. त्या यादीत हायफायचा कोड एस६७६ए असेल आणि हार्मन कार्डनचा एस६८८ए नसेल, तर डीलरला बोलायला जागा राहत नाही. व्हॉट्सॲपचे संदेश ज्या मोबाईलवर आले तो विकू नका, चॅट पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडता येतं, आणि त्यासाठी मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं.

आणि तो कागद. त्यात ‘माझी आता कोणतीही तक्रार उरलेली नाही’ असं वाक्य असणार, हे न वाचताही सांगतो. सही केलीत आणि दोन महिन्यांनी फिटरच्या जोडणीमुळे बॅटरी उतरायला लागली, तर कोणाकडे जाल? या गाडीची बॅटरी डिकीत असते आणि तिच्या निगेटिव्ह टर्मिनलवर चार्ज मोजणारा सेन्सर असतो. ॲम्प्लिफायरची अर्थिंग त्या सेन्सरला वळसा घालून थेट बॅटरीवर घेतली, तर गाडीचा हिशेबच चुकतो. हे जाणणारे फिटर आहेत, पण फुकटात बसवून देणाऱ्याकडून ती अपेक्षा मी धरणार नाही. सोबत एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिच्या अटी आधी वाचा. स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात चौदा कार कंपन्यांना, त्यात बीएमडब्ल्यूही होती, बजावलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. त्या आदेशावर पुढे अपिलं झाली. डीलर जी वॉरंटी विकतो ती बहुधा तिसऱ्याच कंपनीची असते, तिथे या आदेशाच्या भरवशावर वायरिंग कापायला देऊ नका.

मग कंपनीचीच सिस्टीम मागावी का? मागणी म्हणून ती न्याय्य आहे, आणि दोष दूर करून द्या असा आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो. पण माझं मन तिकडे वळत नाही. हार्मन कार्डनसाठी नुसते स्पीकर बदलून भागत नाही. ॲम्प्लिफायर वेगळा, त्याला हेड युनिटपासून (पुढच्या मुख्य म्युझिक युनिटपासून) ऑप्टिकल फायबर, आणि शेवटी गाडीच्या संगणकात कोडिंग. नवे पार्ट घातले तर खर्च साठ हजारांच्या कितीतरी पुढे जाईल, म्हणून डीलर भंगारातल्या गाडीचे पार्ट आणेल. ते कुठून आले याचं बिल नसेल आणि चोरीचे निघाले, तर गाडी तुमची, चौकशीही तुमच्या दारात. म्हणून माझा सल्ला: रोख नुकसानभरपाई घ्या आणि काय बसवायचं ते स्वतः ठरवा. नाद गाण्यांचा आहे, बॅजचा नाही, तर मूळ वायरिंग न कापता कपलरला कपलर जोडून बसणारे चांगले आफ्टरमार्केट स्पीकर आणि छोटा ॲम्प्लिफायर, पक्क्या जीएसटी बिलावर, तुमच्या विश्वासातल्या माणसाकडून. काढलेले मूळ भाग जपून ठेवा, विकताना लागतील. मात्र हे सगळं प्रकरण मिटल्यावर, किंवा तपासणी झाल्यावर.

आफ्टरमार्केट ऑडिओ बेकायदा आहे का, असं अनेक जण विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंदी आरसीवरच्या नोंदींशी विसंगत ठरणाऱ्या बदलांवर आहे. आरसीवर स्पीकरची नोंद नसते. रस्त्यावर दणदणाट कराल तर ध्वनी प्रदूषणाचे नियम आहेतच, विशेषतः रात्री १० ते सकाळी ६.

२०१० साली औरंगाबादेत दीडशेच्या आसपास मर्सिडीज एका दमात घेतल्या गेल्या, ती बातमी देशभर गाजली. आता मराठवाड्यात अशा गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातात येतात, घेणारा लातूर-नांदेडचा आणि विकणारा पुण्या-मुंबईचा असतो. पुण्याला खेटे कोण घालणार, म्हणून माणूस गप्प बसतो, आणि डीलर त्यावरच अवलंबून असतात. मला याची चीड येते, कारण कायद्याने ही अडचण काढून टाकलेली आहे. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे लातूरच्या. पावतीवर ‘पुणे न्यायकक्षेत’ लिहिलेलं असलं तरी ग्राहक म्हणून तुमचा हा हक्क सोडू नका. दिलेली किंमत ५० लाखांच्या आत असल्याने जिल्हा आयोगच योग्य, आणि १० ते २० लाखांच्या व्यवहाराला फी आहे ४०० रुपये. मुदत दोन वर्षं. तक्रार ऑनलाइनही भरता येते.

आधी पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. सक्तीची नाही, पण बहुतेक डीलर तिथेच बोलायला येतात. नोटिशीत त्याचं अधिकृतता प्रमाणपत्रही मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याकडून ते घ्यावं लागतं. आरसी तुमच्या नावावर आहे की दुकानाच्या, तेही पाहा. दुकानाच्या नावावर असेल तर ‘व्यावसायिक हेतू’ची, म्हणजे धंद्यासाठी घेतली म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, अशी हरकत येईल, आणि गाडी मुख्यतः घरच्या वापराची आहे हे दाखवावं लागेल.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, आणि मला ती ऑडिओपेक्षा मोठी वाटते. विमा पॉलिसी तुमच्या नावावर झाली आहे का? गाडी हस्तांतरित झाली की थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा जात नाही. कंपनीला कळवून तो बदलून घ्यावा लागतो. पॉलिसीवर अजून पहिल्या मालकाचं नाव असेल, तर तुळजापूर रोडला उद्या काही झालं तर दुरुस्तीचा पैसाही मिळणार नाही. ते काम नोटिशीच्या आधी करा. पुढे आफ्टरमार्केट सिस्टीम बसवलीत की तिचं बिल जोडून तीही पॉलिसीत नोंदवा. त्यासाठी तिच्या किमतीच्या ४ टक्क्यांच्या आसपास जादा प्रीमियम लागतो.