लॉर्ड्ससारख्या ऐतिहासिक मैदानावरचा जुना स्टँड पाडून नवा बांधला, तर त्याला पर्यावरणपूरक कसं म्हणायचं?

निम्मं म्हणता येईल. तुमचा रोख बहुधा वॉर्नर स्टँडकडे आहे. १९५८ चा तो स्टँड पाडून २०१७ मध्ये नवा उभा राहिला. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, त्यामुळे माझी नजर आधी छताकडे जाते, आणि ते छत खरंच देखणं आहे. अमेरिकन व्हाइट ओकच्या फळ्या थरावर थर चिकटवून केलेल्या ११ तुळया मागून पुढे झेपावतात आणि त्यांच्यावर उजेड झिरपू देणारं कापड ताणलेलं आहे. छत हलकं, पुढे खांब नाहीत, त्यामुळे मान वाकडी करून मॅच बघावी लागत नाही. पोलाद आणि सिमेंट बनवताना कार्बन हवेत जातो. लाकडात मात्र झाडाने शोषलेला कार्बन तुळई टिकेल तोवर अडकून राहतो. शिवाय सौर पॅनेल आहेत, पावसाच्या पाण्याचा पुनर्वापर आहे. पण लाकडी छताचे फोटो सगळीकडे झळकतात, खालच्या काँक्रीटचे कोण काढतो?

खरी मेख बांधकामाच्या आयुष्यात आहे. त्याच मैदानावर नर्सरी एंडचे, म्हणजे पॅव्हेलियनसमोरच्या टोकाचे, कॉम्प्टन आणि एडरिच स्टँड १९९१ चे. २०१९ मध्ये ते पाडले, २०२१ मध्ये नवे आले. खालच्या भागातून नीट दिसत नसे, सोयीही तोकड्या होत्या, हे मान्य. तरी तीस वर्षंही पुरी न झालेलं बांधकाम फोडायचं म्हणजे ते बांधताना खर्ची पडलेला कार्बन पाण्यात! नव्यावर कितीही सौर पॅनेल लावा, तो हिशेब लवकर फिटत नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर लॉर्ड्सवरचा सर्वांत शहाणा स्टँड १९८७ चा माउंड स्टँड. वास्तुविशारद मायकेल हॉपकिन्स यांनी आधीचे वास्तुविशारद फ्रँक व्हेरिटींच्या १८९८-९९ मधल्या विटांच्या कमानी पाडल्या नाहीत. उलट त्याच धर्तीच्या आणखी कमानी बांधून रांग पुरी केली आणि वर पोलादी सांगाड्यावर तंबूसारखी छतं चढवली. तेव्हा कार्बनचा हिशेब फारसा कुणी मांडत नव्हतं, तरी काम नेमकं झालं. लंडनला गेलात तर सेंट जॉन्स वूड रोडच्या फुटपाथवरून त्या कमानी जरूर बघा, त्याला तिकीट लागत नाही.