लघुपट कोणासाठी आहे, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की आजीवर 20 मिनिटांचा लघुपट तयार आहे, महोत्सवांचे फॉर्म भरणं चालू आहे, आणि ‘टार्गेट ऑडियन्स’च्या रकान्यात ‘18 ते 35, शहरी, संवेदनशील’ असं लिहिलं तर चालेल का. फॉर्मपुरतं चालेल, खुशाल लिहा. पण सहा वर्षांपूर्वी मीही जवळजवळ हेच शब्द लिहिले होते आणि त्यापायी माझा एक चांगला सिनेमा वाया चालला होता. म्हणून सविस्तर लिहितो.

मी कोल्हापूरचा. पोट लग्नाच्या शूटिंगवर चालतं. साठवलेल्या पैशांतून 19 मिनिटांचा लघुपट केला. गोष्ट दुधाची. घरात एकच म्हैस, रोज सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत घालायचं. अचानक सुनेच्या दुधाला फॅट लागेनाशी होते. सातच्या वर लागणारी फॅट सहावर येते. सासूला वाटतं सून पाणी घालते, सून गप्प. शेवटच्या मिनिटाला कळतं की शेवटची धार ती काढतच नव्हती, अशक्त रेडकाला पिऊ देत होती. शेवटच्या धारेलाच सगळ्यात जास्त फॅट असते, त्यामुळे संस्थेच्या फॅट मोजायच्या मशीनवर आकडा घसरायचा.

हे रहस्य शेवटपर्यंत झाकून ठेवायचं, हा हट्ट माझ्या कॅमेरामन मित्राचा. सुरुवातीला गोठ्यावरच्या धुक्याचा पावणेदोन मिनिटांचा एकच स्थिर शॉट, हाही त्याचाच. आणि ‘बाहेरच्यांना फॅट कळणार नाही’ म्हणून संस्थेच्या सेक्रेटरीच्या तोंडी एक वाक्य घातलं: “फॅट म्हणजे दुधातला स्निग्धांश, त्यावर दर ठरतो.” मी म्हणालो, असं कोणी बोलत नाही रे. तो म्हणाला, लग्नवाल्यासारखा विचार करू नकोस, सिनेमा चांगला असला की प्रेक्षक आपोआप येतो.

आधी एका महोत्सवात निवड झाली. शहरातला हॉल, समोर तुमचे ते 18 ते 35. धुकं सगळ्यांना आवडलं. नंतरच्या प्रश्नोत्तरांत एका मुलानं विचारलं, “सासू एवढी का चिडते? सात काय आणि सहा काय, एका आकड्यानं काय होतं?” आणखी दोघांनी माना हलवल्या. स्निग्धांशाचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं, पण त्या एका आकड्यापायी लिटरमागे दर उतरतो, दहा दिवसांच्या बिलात खड्डा पडतो आणि त्याच बिलातून पेंडीचे पैसे आधीच कापलेले असतात, हे त्यांच्या अंगापर्यंत पोचलंच नव्हतं.

दोन महिन्यांनी जिथे शूटिंग केलं त्या गावात, दूध संस्थेच्याच हॉलमध्ये दाखवला. मुद्दाम बिलाचा दिवस धरला, म्हणजे बायका येतात. पडदा आणि प्रोजेक्टर माझेच, लग्नातले. चाळीसेक माणसं, त्यात बायाच जास्त. धुक्यात कोणाचं लक्ष नव्हतं, पोरं पडद्यासमोर सावल्या पाडत होती. मग धारेचा सीन आला. आमची नटी किटली घेऊन उठली, मागे रेडकू सुटून आईला लुचलं. फ्रेमच्या कोपऱ्यात, जेमतेम दोन सेकंद. पुढच्या रांगेतली एक मावशी शेजारणीला म्हणाली, “शेवटची धार रेडकाला सोडतीया की ही.” दुसरं की तिसरं मिनिट असेल. पंधरा मिनिटं आधी माझं रहस्य संपलं होतं. हॉलभर ते पसरलं आणि उरलेला सिनेमा लोकांनी फक्त पाहुण्याचा मान राखून बघितला.

संपल्यावर त्या मावशींनी मला बाजूला घेतलं. “पोरा, सून चांगली दावलीस. पर आमाला तवाच कळलं हुतं. मग एवढा येळ काय दडवत हुतास? आन् सेक्रेटरीला फॅट म्हंजे काय ते सांगाय लावलंस, ते कुणाला?”

‘ते कुणाला?’ टार्गेट ऑडियन्स या शब्दाचा माझ्या लेखी एवढाच अर्थ आहे. तेलही गेलं, तूपही गेलं अशी माझी गत झाली होती. शहरातल्या माणसाला जे हवं होतं ते दिलं नव्हतं, आणि गावातल्या बाईला जे पाठ होतं तेच तिच्यापासून लपवत बसलो होतो.

तेव्हापासून माझं स्पष्ट मत आहे: वय, शहर, शिक्षण या रकान्यांनी लघुपटाचा प्रेक्षक कळत नाही. बघायला बसलेल्या माणसाला आधीच काय ठाऊक आहे, यावरून कळतो. ज्याला धार माहीत आहे त्याच्यासाठी तेच दृश्य पहिल्या मिनिटाची माहिती असते आणि ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी शेवटचा धक्का. एकाच एडिटमध्ये दोघांना धरायला गेलात तर अशी स्निग्धांशाची वाक्यं लिहावी लागतात. मोठ्या चित्रपटात अडीच तास असतात, प्रेक्षकाला हळूहळू शिकवता येतं. लघुपटात तेवढी फुरसत नसते.

आता लग्नाच्या कामाबद्दल, कारण तो टोमणा मला अजून लागतो. लग्नाचा व्हिडिओ कोणासाठी असतो, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. नवरा-नवरी दोनदा बघतात. मुलीची आई वर्षानुवर्षं बघते, आणि ती काय बघते तर अक्षतांच्या वेळी थोरल्या आत्या कुठे उभ्या होत्या, गावाकडचे चुलते दिसतात की नाही, पाठवणीला कोण रडलं. म्हणून मी आधी मुलीच्या आईजवळ बसून नावं लिहून घेतो आणि मग कॅमेरा काढतो. हे ज्याला हलकं काम वाटतं, त्यानं कोणासाठी तरी नेमकं काहीतरी करून बघावं.

आणि हा काही आमच्या धंद्यापुरताच विचार नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, थोड्या थोड्या वेळानं त्याची चित्रं घेत गेले, आणि पडद्यावर रोप बघता बघता वाढताना दिसलं. ती कोणाला दाखवायची हे पक्कं होतं: जो भांडवल देऊ शकेल त्याला, या यंत्रानं काय करता येतं हे डोळ्यांनी दिसावं म्हणून. पैसा उभा राहिला आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. मुठीत मावतील एवढे प्रेक्षक, आणि फिल्म त्यांच्या मापाची. प्रेक्षक आपोआप येतो म्हणणाऱ्यानं हे एकदा आठवावं.

मी पुढे दोन एडिट केले. गावासाठीचा 12 मिनिटांचा. पहिल्याच दृश्यात सून रेडकाला सोडते, काही लपवलेलं नाही. आता बायका एकच बघतात, ही सासूपासून किती दिवस दडवणार. नऊ दूध संस्थांमध्ये दाखवला. मशीनमधून पावती निघते त्या क्षणी प्रत्येक ठिकाणी हॉल चिडीचूप झाला. बाहेरच्यांसाठीच्या एडिटमध्ये सेक्रेटरीचं वाक्य काढलं आणि एक नवीन दृश्य चित्रित केलं: सासू बिलाचे पैसे चटईवर मोजते, नातवाच्या वहीवर फीचे वेगळे ठेवते, पुन्हा मोजते, आणि फीमधली एक नोट उचलून पेंडीच्या पैशांत टाकते. संवाद नाही. त्यानंतर कोणी विचारलं नाही की एका आकड्यानं काय होतं.

तुमच्या 20 मिनिटांबद्दल थोडं. ऑस्करच्या नियमात 40 मिनिटांपर्यंतचा सिनेमा लघुपट धरतात, पण फ्रान्समधल्या ‘कान’ महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेची मर्यादा 15 मिनिटं आहे. महोत्सवात लघुपट गठ्ठ्यानं दाखवतात, दीड-दोन तासांत जमतील तेवढे. 20 मिनिटांचा निवडला की दोन छोटे बाहेर राहतात, म्हणून निवडणारा दहादा विचार करतो. म्हणजे तुमचा पहिला प्रेक्षक दिवसाला ढीगभर सिनेमे बघणारा दमलेला माणूस आहे, 18 ते 35 चा शहरी नाही. मुंबईचा ‘मिफ’ हा महोत्सव 1990 पासून माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशनसाठीच आहे, केरळचा तिरुवनंतपुरमचा 2008 पासून. तिथे जाऊन एक दिवस नुसते मागच्या रांगेत बसा आणि लोक कुठे मोबाईल काढतात ते बघा.

यूट्यूबवरचा प्रेक्षक तर आणखी वेगळा. माझा जुना एडिट मी तिथे टाकला तेव्हा धुक्याच्या शॉटमध्येच निम्म्याहून जास्त लोक निघून गेले, आलेखात कडा कोसळल्यासारखी रेघ दिसत होती. फोनवर ते धुकं नुसतं करडं दिसतं आणि गोठ्यातले बारीक आवाज फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाहीत. सबटायटल फोनवर वाचून बघा, मॉनिटरवर नको.

एक सांगायचं राहिलं. महोत्सवांत पाठवायचा असेल तर यूट्यूबवर आधी टाकू नका, बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन आलेला सिनेमा चालत नाही. प्रवेश फी बऱ्याचदा डॉलरमध्ये असते, आधी चार-पाचच निवडा. फिल्म स्कूलच्या डिप्लोमासाठी करत असाल तर यातलं बरंच तुम्हाला लागू नाही, तिथे आपली भाषा शोधायलाच वेळ दिलेला असतो. आणि माझा मित्र वाईट कॅमेरामन नाही. तो धुक्याचा शॉट खरंच सुंदर आहे. बाहेरच्या एडिटमध्ये त्यातले वीस सेकंद मी ठेवलेत.

तुम्ही प्रश्नात दोन महोत्सवांची नावं आणि एडिटरचं मत लिहिलंय. सिनेमा आजीवर आहे, पण आजीनं तो बघितला का, तिच्या वयाच्या कोणी बघितला का, हे लिहिलेलं नाही. आधी त्यांच्याबरोबर बसून बघा, आणि कुठल्या मिनिटाला कोण काय म्हणालं ते इथे कळवा. मग फॉर्मचं बोलू.