बॅग एकाची, रियाल बत्तीस जणांचे

प्रश्न : राबोडीत आमचे उमराह टूरचे छोटे ऑफिस आहे. 32 यात्रेकरूंचे प्रत्येकी 2,000 असे 64,000 रियाल ग्रुप लीडरच्या बॅगेत होते. मुंबई विमानतळावर कस्टम्सने सगळे जप्त केले. उमराहला रोख नेण्यावर मर्यादा नसते, मग जप्ती कशी? पैसे सुटतील का?
– एक टूरचालक, ठाणे

उत्तर : सवलत आहे, पण ती यात्रेकरूला आहे, टूरवाल्याला नाही. बहुतेक देशांना जाणाऱ्याला एका फेरीसाठी 3,000 डॉलरपर्यंतच परकीय नोटा मिळतात. हज-उमराहला जाणाऱ्याला मात्र आपल्या हक्काची, म्हणजे नियमाने मिळणारे परकीय चलन, पूर्ण रक्कम नोटांत घेता येते. अट एवढीच की ती परवानाधारक मनी चेंजर किंवा बँकेकडून स्वतःच्या पासपोर्टवर घेतलेली हवी. लीडरच्या नावावर जेवढे बिल तेवढे त्याचे. बाकीचे त्याच्या बॅगेत का, याचा जाब त्यालाच द्यावा लागतो.

आता सगळा भार बिलांवर आहे. आजच तक्ता करा : यात्रेकरूचे नाव, पासपोर्ट क्रमांक, बिलाचा क्रमांक व तारीख, रियाल, रुपये कोणत्या खात्यातून गेले, तिकीट, व्हिसा. बिल जप्तीच्या आधीचेच हवे. ऑफिसच्या नावावर एकच ठोक बिल असेल, किंवा सगळ्यांचे रुपये गोळा करून एकरकमी रोख भरले असतील, तर बाजू लंगडी पडते. 50,000 रुपये आणि त्यावरची रक्कम चेंजरने रोखीने घ्यायचीच नसते. मागाहून बिले बनवून घेऊ नका. चेंजरचे रजिस्टर तपासले जाते, आणि खोट्या कागदासाठी वेगळा दंड बसतो. 32 पैकी 20 बिले खरी असतील तर 20 जणांचेच मागा. ते जास्त टिकते.

पंचनामा आणि कस्टम्स कायद्याच्या कलम 108 खालच्या जबाबाची प्रत मागून घ्या. रात्री दोन वाजता दमलेल्या लीडरने ‘रियाल माझेच’ असे लिहून दिले असेल आणि ते खरे नसेल, तर कारणासह लेखी खुलासा लगेच पाठवा. चार महिन्यांनी जबाब फिरवला तर त्याला फारसे वजन राहत नाही.

कारणे दाखवा नोटीस जप्तीपासून सहा महिन्यांत यावी लागते. आयुक्त लेखी कारणे देऊन आणखी सहा महिने वाढवू शकतात. मुदत टळली तर जप्त चलन परत करावे लागते, मात्र तात्पुरत्या सुटकेचा आदेश झालेला असल्यास ही मुदत लागू होत नाही. म्हणून ‘नोटीस नको, सुनावणी नको’ अशा छापील कागदावर घाईने सही करू नका. हक्क सोडल्याचे असे छापील पत्र दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये अमान्य ठरवले आहे.

कस्टम्स कायद्याच्या कलम 125 नुसार दंड भरून चलन सोडवून घेता येते, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा 2017 चा निकाल परकीय चलनाबाबत तुमच्या कामाचा आहे. समोरून सर्वोच्च न्यायालयाचे 1970 आणि 2003 चे निकाल येतील : अट मोडून नेलेली वस्तू ‘प्रतिबंधित’ ठरते आणि मग सोडायचे की नाही, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर येते. म्हणून नोटिशीच्या पहिल्या उत्तरातच सुटकेची मागणी लिहा.

आदेश विरोधात गेला तर 60 दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जा. वादग्रस्त दंडाच्या साडेसात टक्के आधी भरावे लागतात. इथे बरेच वकील चुकतात. त्यापुढचा टप्पा सेस्टॅट (कस्टम्सचे अपील न्यायाधिकरण) नाही. प्रवासी सामानातील प्रकरण असल्याने तीन महिन्यांत केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्ज करायचा. चुकीच्या दारात वर्ष जाते. ईडीने फेमाखाली (परकीय चलन कायदा) वेगळी कारवाई केली तर गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्यातल्या अपिलाची मुदत 45 दिवस.

आणखी एक. सौदीत उतरताना 60,000 रियाल किंवा अधिक असल्यास जाहीर करावे लागतात. बॅग मुंबईतून सुटली असती तरी जाहीर न केल्यास जेद्दात अडकू शकली असती. पुढच्या ग्रुपला प्रत्येकाच्या हाती त्याचे रियाल आणि त्याचे बिल चेंजरकडूनच द्या.

प्रश्न : रियालसाठी एजंटला पैसे दिले होते. ‘कस्टम्सने घेतले, माझा काय दोष?’ म्हणतो.
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : तुमच्या नावाचे बिल असेल तर मालक म्हणून तुम्ही स्वतः कस्टम्सकडे लेखी दावा करा. बिल नसेल तर एजंटला नोटीस द्या आणि दोन वर्षांच्या आत ठाणे जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पैसे दिल्याचा यूपीआय किंवा बँकेचा पुरावा आणि एजंटशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश जपून ठेवा.