फायनान्स मॅनेजरला पगार नक्की किती मिळतो, आणि तो ठरतो कशावर?

इथे एकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.कॉम., सीए इंटर (सीएची फायनलच्या आधीची परीक्षा) पास, नऊ वर्षांचा अनुभव, नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात सिनिअर अकाउंटंट, घर स्वतःचं, पगार वर्षाला साडेआठ लाख. नेटवर बघितलं तर फायनान्स मॅनेजरचा पगार कुठे आठ लाख दिसतो, कुठे पंचेचाळीस. मग खरा आकडा कोणता? सीए फायनलच्या मागे पुन्हा लागावं का? आणि पुणं गाठावं का?

आठही खरे आणि पंचेचाळीसही खरे, कारण दोन्हीकडे पदाचं नाव सारखं असलं तरी नोकरी वेगळी आहे. तीस कोटींची उलाढाल असलेल्या कंपनीत जो माणूस टॅली बघतो, जीएसटी भरतो, पगारपत्रक काढतो आणि बँकेत चेकही नेऊन देतो, त्यालाही व्हिजिटिंग कार्डावर ‘फायनान्स मॅनेजर’ लिहून देतात. पगार वाढवण्यापेक्षा पद वाढवणं मालकाला परवडतं.

मी बरीच वर्षं उत्पादन कंपन्यांच्या फायनान्समध्ये आहे. माणसं निवडायला समोरच्या खुर्चीतही बसलो आहे. त्यावरून जे बघतो ते सांगतो, सर्वेक्षण म्हणून वाचू नका. पन्नास कोटींच्या आतल्या मालकी कंपनीत हे पद सहा ते दहा लाखांत भरतात. शंभर ते पाचशे कोटींच्या कारखान्यात, म्हणजे चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड अशा ठिकाणी, बारा ते वीस. मोठ्या लिस्टेड किंवा परदेशी कंपनीत आठ-दहा वर्षांचा सीए असेल तर वीस ते पस्तीस. पुण्यात खराडी-हिंजवडीला परदेशी कंपन्यांची जी ग्लोबल सेंटर्स आहेत, तिथेही साधारण तेवढेच, कधी थोडे जास्त. पंचेचाळीसच्या वरचे जे आकडे दिसतात ते बहुतेक वेळा मॅनेजरचे नसतातच, फायनान्स कंट्रोलर किंवा छोट्या कंपनीच्या सीएफओचे (फायनान्सच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचे) असतात.

आता कशावर ठरतो ते. माझं मत स्पष्ट आहे: तुम्ही किती काम करता यावर नाही, तर कंपनीचा कुठला पैसा तुमच्या निर्णयाने हलतो यावर. हिशेब लिहिणाऱ्याला पगार मिळतो, पैसा सोडवणाऱ्याला चांगला पगार मिळतो.

उदाहरण घ्या. कंपनीची उलाढाल १२० कोटी आहे आणि वसुली सरासरी ७५ दिवसांनी होते. तुम्ही सेल्सवाल्यांच्या मागे लागलात, बिलातल्या चुकांमुळे अडकलेली पेमेंट्स सोडवलीत, ग्राहकाच्या स्टोअरमध्ये माल पोचल्याची नोंद त्याच दिवशी होईल असं बघितलंत आणि वसुली ६० दिवसांवर आणलीत. पंधरा दिवसांची विक्री म्हणजे जवळजवळ ४ कोटी ९३ लाख रुपये मोकळे झाले. सीसीवर (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर) १० टक्के व्याज असेल तर वर्षाला ४९ लाख वाचले. हे तुम्ही केलंत आणि मालकाला एका कागदावर दाखवू शकलात, तर चार लाखांची वाढ मागताना घसा खाकरावा लागत नाही. तेच तुम्ही वर्षभर रात्री नऊपर्यंत बसून व्हाउचर पास केलीत तर दिवाळीला मिठाईचा बॉक्स आणि आठ टक्के.

बँकेचंही तसंच. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट पाठवणं हे कारकुनी काम झालं. पण डीपी (ड्रॉइंग पॉवर, म्हणजे माल आणि येण्यांवर बँक किती उचल देते ते) का कमी पडतोय, ग्राहकांकडची नव्वद दिवसांच्या वरची येणी काढल्यावर किती उरतो, कर्जाची लिमिट वाढवून घेताना सीएमए डेटा (बँकेला द्यायचे आकडे आणि अंदाज) कसा मांडायचा, ब्रँच मॅनेजरशी दरावर कसं बोलायचं, हे येणारा माणूस वेगळ्या पगारात जातो. २५ कोटींची लिमिट पूर्ण वापरात असेल तर व्याजदरात अर्धा टक्का सूट म्हणजे वर्षाला साडेबारा लाख. आणि कर? आयकर कायद्यातली ४३बी(एच) ची तरतूद आली तेव्हा किती कंपन्यांची मार्चअखेर धांदल उडाली ते आठवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल ठरल्या मुदतीत, म्हणजे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलं नाही आणि मार्चअखेरही ते थकलेलं राहिलं, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. हे डिसेंबरमध्ये मालकाच्या कानावर घालणारा आणि ऑडिटरने सांगितल्यावर सप्टेंबरमध्ये कळणारा, या दोघांच्या पगारात फरक पडणारच.

कंपनी कोणाची, हा दुसरा मोठा मुद्दा, आणि याचा विचार लोक फार कमी करतात. शेठच्या कंपनीत पगार शेठच्या विश्वासावर वाढतो. विश्वास बसला की गाडी, मुलीच्या लग्नाला उचल, सगळं मिळतं, पण ते कागदावर नसतं, त्यामुळे नोकरी बदलताना त्याची किंमत शून्य. काही ठिकाणी अजूनही पगाराचा काही भाग रोख किंवा ‘कन्व्हेयन्स’च्या व्हाउचरवर देतात. त्याला नाही म्हणा. पीएफ कमी, गृहकर्जाची पात्रता कमी, आणि पुढची कंपनी शेवटी सॅलरी स्लिपच मागते. ज्या कंपनीत बाहेरच्या फंडाने पैसे घातलेत तिथे चित्र उलटं असतं: दर महिन्याच्या पाच-सात तारखेला एमआयएस (व्यवस्थापनासाठीचा आकड्यांचा अहवाल) लागतो, प्रत्येक आकड्याला ‘का’ विचारतात, झोप उडते, पण पगार बाजारभावाच्या वर असतो आणि कधीकधी ईसॉप्स, म्हणजे कंपनीचे शेअर्स घ्यायचा हक्कही मिळतो.

सहकारातलं मात्र गणितच वेगळं. साखर कारखान्याच्या चीफ अकाउंटंटकडे बघा. हंगामात रोज कोट्यवधींची उलाढाल, साखरेवरचं माल तारण कर्ज, ऊस आल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव) द्यायची कायद्याची सक्ती, शिवाय संचालक मंडळ. एवढी जबाबदारी खाजगी कंपनीत असती तर पगार कितीतरी जास्त असता. आणि आहे तो पगार वेळेवर होईलच असंही सगळीकडे नाही. गावात राहून घरची शेती बघता येते म्हणून चांगली माणसं तिथे टिकतात, हे खरं कारण आहे.

सीए फायनलबद्दल. तुम्हाला गोड उत्तर हवं असेल तर ‘अनुभव महत्त्वाचा, डिग्री नाही’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. प्रत्यक्षात पंधरा लाखांच्या वरच्या जाहिरातीत ‘क्वालिफाइड सीए / सीएमए’ (इथे सीएमए म्हणजे कॉस्ट अकाउंटंट) अशी ओळ असते, आणि एचआरची मुलगी त्याच ओळीवर अर्ज चाळते. तुमचा अनुभव वाचणाऱ्यापर्यंत तुमचा अर्ज पोचतच नाही. सेमी-क्वालिफाइड, म्हणजे इंटरवर थांबलेला माणूस तिथल्या तिथे वाढतो, आपल्या कंपनीत पंधरा-सोळापर्यंत जातोही; बाजारात उतरला की अडतो. नुकता पास झालेला, अनुभव नसलेला सीए कॅम्पसमधून दहा-बारा लाखांवर उचलला जातो आणि तुम्ही नऊ वर्षांनी साडेआठवर आहात. बोचरं आहे, पण हिशेब तोच आहे. २०२५ पासून सीए फायनलची परीक्षा वर्षातून तीनदा होते, त्यामुळे एक ग्रुप हुकला तर सहा महिने हातावर हात ठेवून बसावं लागत नाही. मुलं लहान आहेत आणि फायनल झेपणार नाही असं वाटत असेल तर कारखान्यातल्या माणसाला सीएमए हा काही दुय्यम रस्ता नाही. कॉस्टिंग तुम्ही रोज बघताच. नुसत्या ऑनलाइन सर्टिफिकेटांवर मात्र पैसे घालवू नका. त्यापेक्षा तुमच्या कंपनीत सॅप (मोठ्या कंपन्यांचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) येत असेल तर त्या टीममध्ये स्वतःहून नाव द्या. त्यातलं फिको, म्हणजे फायनान्स आणि कॉस्टिंगचं मॉड्यूल लावताना आत बसलेल्या माणसाला जे कळतं ते कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत.

आता सीटीसी, म्हणजे तुमच्यावर होणारा कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च. आकड्यांत रमणारी आपली जात, पण स्वतःच्या ऑफर लेटरवर सही करताना आपणच डोळे मिटतो. दोन ऑफर शेजारी ठेवून बघू. बेसिक दोन्हीकडे महिना ६० हजार धरतो, नवी कररचना, ७५ हजारांची प्रमाणित वजावट.

पहिली ऑफर १८ लाखांची. त्यात १५ टक्के, म्हणजे २ लाख ७० हजार, व्हेरिएबल (कामगिरीप्रमाणे कमी-जास्त मिळणारा भाग). कंपनीचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे ८६,४००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ३४,६००च्या पुढे. मेडिक्लेमचा हप्ता सुमारे १७ हजार. हे सगळं वजा जाता महिन्याचा ग्रॉस उरतो १ लाख १६ हजार. त्यातून तुमचा पीएफ ७,२००, व्यवसाय कर २०० आणि टीडीएस साधारण ६,७००. खात्यात येतात १ लाख २ हजारांच्या आत-बाहेर.

दुसरी ऑफर १५ लाखांची. व्हेरिएबल नाही, पीएफ किमान मर्यादेवर म्हणजे महिना १,८००, मेडिक्लेम कंपनी वेगळा भरते. तिथे ग्रॉस १ लाख २० हजारांच्या वर जातो आणि सगळं कापून खात्यात येतात १ लाख ११ हजारांच्या आसपास.

म्हणजे तीन लाखांनी ‘कमी’ असलेली ऑफर दर महिन्याला नऊ हजार जास्त देते. पहिल्या ऑफरमधला पीएफ तुमचाच आहे, तो बुडालेला नाही, हे मान्य. आणि व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर कर जाऊन वर्षाअखेरी सव्वादोन लाखांच्या पुढे हातात येतात. पण ‘पूर्ण मिळालं तर’. ग्रॅच्युइटी तर सर्वसाधारणपणे पाच वर्षं टिकलात तरच मिळते, आणि आपल्या क्षेत्रात तीन वर्षांनी लोक उड्या मारतात. न मिळणारी रक्कम सीटीसीत मोजून खूश व्हायचं का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

नेटवरच्या सरासऱ्यांपेक्षा एक चांगली जागा सांगतो, जिथे फारसं कोणी डोकावत नाही. लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७ खाली संचालकांचा पगार आणि कर्मचाऱ्यांचा मध्यक पगार यांचं गुणोत्तर द्यावं लागतं, सीएफओला त्या वर्षी किती टक्के वाढ दिली तेही द्यावं लागतं. संबंधित पक्षांच्या व्यवहारांच्या टिपेत बऱ्याचदा सीएफओचा पगारच सापडतो. वर्षाला १ कोटी २ लाख किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यांची यादीही असते. अहवालात छापली नसेल तर भागधारकाला मागता येते. सीएफओचा आकडा कळला की मॅनेजरचा पगार कुठवर जाऊ शकतो याचा अंदाज येतो. कंपनी प्रायव्हेट असेल तर एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर शंभर रुपये भरून तिचा ताळेबंद बघता येतो. तिथे मी तीन ओळी बघतो: उलाढाल, कर्मचारी खर्च आणि फायनान्स कॉस्ट. व्याजाचा खर्च नफ्याच्या जवळपास असेल तर त्या कंपनीला फायनान्सच्या माणसाची खरी गरज आहे, फक्त ती त्यांना कळलीये का हे मुलाखतीत समजतं.

दुबईबद्दल खाली कमेंटमध्ये कोणीतरी विचारलंय, म्हणून दोन वाक्यं. तिथे पगारावर आयकर नाही, आणि २०१८ मध्ये व्हॅट, २०२३ पासून कॉर्पोरेट कर आल्यापासून आपल्या सीएंना मागणी वाढली आहे. पण घरभाडं आणि मुलांची शाळा स्वतःच्या खिशातून असेल तर आकड्याचं रुपयांत रूपांतर करून हुरळू नका. एकट्याने जाणाऱ्याला परवडतं, कुटुंबाला पॅकेज बघूनच.

पुण्याचं म्हणाल तर: साडेआठचे दहा होणार असतील तर जाऊ नका. नाशिकला स्वतःचं घर आहे असं तुम्ही लिहिलंय. पुण्यात टू बीएचकेचं भाडं, डिपॉझिट, शाळेची नवी फी, आणि चाकणला जाऊन-येऊन रोजचे अडीच-तीन तास, यात दीड लाखाची वाढ कुठे गेली ते कळणार नाही. चौदाच्या पुढे मिळत असेल, आणि तुमच्याकडे बँकिंग किंवा कॉस्टिंग स्वतंत्रपणे येणार असेल, तर जरूर जा, कारण त्याच्या पुढची उडी नाशिकपेक्षा पुण्यात लवकर मिळते. नुसतं जीएसटी आणि टीडीएस बघायला बोलावत असतील तर तेच काम तुम्ही घरी राहून करताच आहात.

मुलाखतीला गेलात तर पगाराचा आकडा शक्यतो त्यांना आधी बोलू द्या. पद रिकामं का झालं, आधीचा किती वर्षं होता, रिपोर्टिंग सीएफओला की थेट मालकाला, बँकेची सही कोणाची, आणि गेल्या दोन वर्षांत व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के दिलं, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एचआरकडून मेलवर घ्या. तोंडी ‘ऑलमोस्ट हंड्रेड पर्सेंट’ म्हणाले आणि मेल यायला आठवडा लागला, तर ते २ लाख ७० हजार हिशेबात धरू नका. ऑफर हातात आली की ब्रेकअप इथे टाका, कंपनीचं नाव काढून, बघून सांगतो.