थारवर जादा लाईट लावताना: फ्यूज, रिले आणि वायर

तुमचा प्रश्न असा आहे: २०१७ची थार, पुढच्या बंपरवर ५५ वॅटचे दोन हॅलोजन लावायचेत, आणि गॅरेजवाला म्हणतोय की रिलेची (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची) गरज नाही, हेडलाईटच्याच वायरला जोडून देतो. कृपा करून असं करू देऊ नका.

नुसता हिशोब बघा. दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, बारा व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर करंट. हेडलाईटचा एच४ बल्ब हाय बीमला ६० वॅटचा असतो, म्हणजे हेडलाईटची जोडी आधीच दहा अँपिअर खाते. त्याच वायरवर आणखी तेवढाच भार टाकला की फ्यूज उडणार. मग कुणीतरी तिथे मोठा फ्यूज बसवतो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. फ्यूज लाईटसाठी नसतो, वायरसाठी असतो. मोठा फ्यूज शांत बसून राहतो आणि हार्नेसच्या आत, बाकीच्या वायरींच्या जुडग्यात, इन्सुलेशन वितळत जातं. बाहेरून काहीच दिसत नाही.

म्हणून लाईटचा करंट थेट बॅटरीवरून घ्या. बॅटरीच्या प्लसवरून २.५ स्क्वेअर एमएमची वायर, त्यावर १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन. ८७ वरून दोन्ही लाईटना. ८५ आणि ८६ ही रिले चालू करणारी कॉइल, तिला जेमतेम पाव अँपिअरही लागत नाही. त्यामुळे डॅशबोर्डवरच्या स्विचला ०.७५ची वायर भरपूर झाली. रिले चार पिनांचाच घ्या. पाच पिनांच्या रिलेत मधली पिन बऱ्याचदा ८७ए असते आणि रिले बंद असताना तिच्यात करंट असतो. घाईत लाईट तिला जोडली गेली तर गाडी उभी असताना जळत राहील आणि सकाळी स्टार्टर फिरणार नाही. रिले बसवताना पिना खाली येतील असा बसवा, म्हणजे पाणी आत साचत नाही.

फ्यूज कुठे, यावर मी हटूनच बसतो. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. लाईटजवळ लावलेल्या फ्यूजचा उपयोग नाही, कारण बॅटरी ते फ्यूज एवढी वायर उघडीच राहते. दगडधोंड्यांच्या वाटेवर ती एखाद्या ब्रॅकेटच्या धारेवर घासत राहते, एक दिवस तांबं पत्र्याला टेकतं, आणि मग बॅटरी शेकडो अँपिअर सोडते. वायर फ्लेक्सिबल पाईपमधून न्या, दर वीतभरावर टाय मारा, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) नेताना भोकाला रबरी ग्रोमेट लावा.

जोड क्रिंप करून (पकडीने घट्ट दाबून) आतून गोंद असलेली हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा. काळी टेप कोकणातल्या एका पावसाळ्यात चिकट होऊन सुटते. अर्थसाठी, म्हणजे लाईटची मायनस वायर बॉडीला जोडायला, बॉडीचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, वायरच्या टोकाचा रिंगचा लग घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. लाईट मंद जळते तेव्हा लोक बल्ब बदलत बसतात, दोष बहुतेक वेळा अर्थमध्ये असतो.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून लाईट वीस मिनिटं जाळा. मल्टीमीटरने आधी बॅटरीवरचे आणि मग लाईटच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपर्यंतचा फरक चालेल. हॅलोजनला व्होल्ट दहा टक्के कमी मिळाले तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी पडतो, म्हणजे महागडी लाईट घेऊन बारीक वायर लावली की पैसे पाण्यात. मग फ्यूजहोल्डरला आणि प्रत्येक जोडाला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर तो जोड पुन्हा करा.

पावसाळ्यात आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या कच्च्या वाटांवर जाण्यासाठी लावत असाल तर लांब फेकीचे स्पॉट घेऊ नका. धुक्यात त्यांचा उजेड परत तुमच्याच डोळ्यांवर येतो. रुंद फेकीचे घ्या, बंपरवर जितके खाली बसतील तितके खाली लावा. टपावर तर अजिबात नको, बोनेटवरची चमक त्रास देते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ परवानगीशिवाय पुढे स्पॉट लाईट किंवा सर्चलाईट लावू देत नाही. तेव्हा बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्या. डांबरी रस्त्यावर मात्र लाईट बंद आणि काळी झाकणं लावलेली हवीत. घाटात समोरून येणाऱ्या एसटी ड्रायव्हरचे डोळे दिपले तर काय होईल, ते सांगायला नको.

राहिला कॉइलचा ट्रिगर, म्हणजे रिले चालू करणारा करंट. तो हाय बीमवरून घ्या, म्हणजे डिपर मारला की जादा लाईटही लगेच विझते. पण सगळ्या गाड्यांत हाय बीमची वायर प्लसने चालू होत नाही, काहींत अर्थने होते. बल्ब जागेवर ठेवून मल्टीमीटरची काळी पिन बॉडीला आणि लाल पिन हाय बीमच्या वायरला लावा. हाय बीम लावल्यावर बारा आणि बंद केल्यावर शून्य दिसलं, तर तीच वायर स्विचमधून ८६ला न्या आणि ८५ अर्थ करा. उलटं दिसलं, तर ८६ला इग्निशनचा प्लस आणि ८५ला स्विचमधून ती वायर. नवीन लाईनला इग्निशनच्या बाजूला २ किंवा ३ अँपिअरचा छोटा फ्यूजही टाका. वायर कापण्याआधी दोन्ही रीडिंग इथे लिहा, बघून सांगतो.