पडद्यावर रेघा, मग पीसी रीस्टार्ट

प्रश्न : दहा वर्षं जुन्या डेस्कटॉपवर व्हिडिओ लावला की रंगीत रेघा येतात आणि पीसी रीस्टार्ट होतो. विंडोज नव्याने टाकूनही फरक नाही. काय बदलावं?

उत्तर : एवढ्यात काहीच विकत घेऊ नका. बायोसच्या (पीसी सुरू होताना, विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जच्या) स्क्रीनवरही रेघा दिसल्या, तर ड्रायव्हर, म्हणजे विंडोजमधलं ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, निर्दोष. संशय केबल, मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्डावर. प्लग काढून कार्ड बाहेर घ्या, सोनेरी पट्टी खोडरबराने पुसा, पंख्यातली धूळ झाडा. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर केबल मदरबोर्डला लावून कार्डाविना चालवा. रेघा गेल्या की दोष बहुधा कार्डाचाच. (कार्ड ओव्हनमध्ये तापवण्याच्या नादी लागू नका, सुधारलंच तरी टिकत नाही.) रीस्टार्ट मात्र एसएमपीएसमुळेही (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यामुळेही) होतो : व्हिडिओ चालू असताना १२ व्होल्टची लाइन मल्टिमीटरवर ११.४ च्या खाली गेली, तर तो बदलाच.